डाव्या गालावरचे बाण

बेसिनच्या कडेवर सात वस्तू होत्या: बाबांचा जुना सेफ्टी रेझर, पात्यांचे पाकीट, ब्रश, साबण, तुरटी, काळा मार्कर आणि कोनमापक. शेवटच्या दोन वस्तू दाढीच्या सामानात कशा आल्या, हे धाकट्याला विचारता आले असते. पण तो आतून कडी लावून बसला होता.

धाकटा रसायनशास्त्राचा ताजा पदवीधर. रंगांच्या कारखान्यात नोकरी ठरली होती, फक्त दहा वाजता वायुरोधक मुखवट्याची चाचणी पास व्हायची होती. मुखवटा पूर्ण चेहऱ्याचा. त्याच्या रबराखाली केस आला की हवा गळते. मुखवटा किती घट्ट बसला ते यंत्र मोजते; आकडा पाचशेच्या वर आला तर नोकरी, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. तेव्हा लाडाने वाढवलेली दाढी आज जाणार होती.

व्हिडिओतल्या गृहस्थाने बजावले होते: पाते तीस अंशांत धरा, दाब देऊ नका, आणि केस वाढतात त्याच दिशेने चला. केस तर जागोजागी वेगळ्या दिशेने वाढलेले. म्हणून धाकट्याने कात्रीने दाढी बारीक केली आणि डाव्या गालावर मार्करने बाण काढले. उजवा गाल तुलनेसाठी तसाच राखून ठेवला.

"अरे, दाढी करतोयस की जमिनीची मोजणी?" बाबांनी दार वाजवले.

"बाबा, घाई केली की कापतं."

"मी जन्मभर बातम्या ऐकत करतोय!"

"बाहेर ये रे," ताई ओरडली, "नाहीतर मी तुला नव्वद अंशांत बाहेर काढीन!"

धाकट्याने गालाला फेस फासला आणि बाण गायब झाले. आता आली का पंचाईत! फेस ठेवावा तर दिशा कळेना, दिशा बघावी तर फेस नको. शास्त्र मोठे की साबण? त्याने फेस पुसला आणि बाणांबरहुकूम कोरडेच पाते चालवले. केस गेले. त्यांच्यासोबत थोडा गालही गेला.

बाण मात्र गेले नाहीत. मार्कर प्रयोगशाळेतला, बाटल्या कितीही धुतल्या तरी न पुसला जाणारा. तो कशाने निघतो, हे धाकट्याला पाठ होते. त्याने कपाटातले स्पिरिट कापसावर घेतले आणि ताज्या कापलेल्या गालावर खसाखसा चोळले.

त्याची बोंब ऐकून बाबांनी खांद्याने कडी तोडली.

"गळा कापलास काय रे?"

"गाल आहे की वाहतुकीचा फलक!" ताई म्हणाली. अर्धे बाण अजून शाबूत होते.

साडेनऊ वाजले होते. बाबांनी रेझर हिसकावला, आणि ताईला कडीचा खर्च ऐकवता ऐकवता उजवा गाल दोन मिनिटांत साफ केला. एक थेंब रक्त नाही.

चाचणी घेणाऱ्या बाईंनी मुखवटा चढवला, पट्टे आवळले आणि यंत्र सुरू केले. आकडा आला चारशे ऐंशी. त्यांनी रबराच्या कडेने बोट फिरवले.

"डावीकडून काहीच गळत नाही."

कसे गळणार? डावा गाल सुजून रबराला असा चिकटला होता, जणू रबर त्याच्याच मापाने ओतले होते.

"उजवीकडून गळतंय. कानापुढे हा एवढा कल्ला कुणी ठेवला?"

"बाबांनी. त्यांच्या तरुणपणी फॅशन होती."

"मग नोकरीसुद्धा त्यांनाच द्यायची का?" बाईंनी मुखवटा उतरवला आणि टेबलावरून एक स्वस्तातला रेझर सरकवला. "एकदाच संधी देते. बाहेरचा उमेदवार गुळगुळीत आहे."

ना पाणी, ना साबण, ना आरसा.

"मॅडम, केसांची दिशा कुठली आहे?"

"खाली."

धाकट्याने डोळे मिटले आणि रेझर खाली ओढला. बाईंनी पुन्हा पट्टे आवळले.

दुसऱ्या खेपेला यंत्राचा आकडा सहाशे बारा आला.