सापडलं नाही तर शेवटचं

पत्ता विचारणाऱ्याला 'ठाऊक नाही' म्हणून परत पाठवणं हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण नव्हे. ठाऊक नसेल तर निदान डावीकडे हात तरी दाखवावा. याच थोर तत्त्वावर संगणकाच्या एका भाषेतलं 'शोध' नावाचं फंक्शन उभं होतं. त्याला यादी द्यायची, नाव द्यायचं. नाव कितव्या जागी आहे ते सांगे. यादीत नसलंच, तर 'उणे एक' म्हणे. आणि त्या भाषेत उणे एक म्हणजे मागून पहिली, अर्थात शेवटची जागा. त्यामुळे काहीही शोधा, काहीतरी हाती लागेच. (रिकाम्या हाताने परत गेलेले प्रोग्रामर: शून्य टक्के.)

या भाषेची हत्यारं घडवणाऱ्या कचेरीत मुंगीची आई कामाला होती. मुंगी पावणेतीन वर्षांची, दिवसभर पाळणाघरात. आईने सुधारणा सुचवली: नाव नसेल तर सरळ 'नाही' म्हणावं. त्यावर समिती बसली.

"बाई, 'नाही' ऐकून माणूस खचतो," अध्यक्ष म्हणाले.

"पण साहेब, खोकल्याचं औषध शोधलं आणि झुरळांचं मिळालं तर?"

"मिळालं ना काहीतरी!"

शिवाय तक्रारी फार नाहीत, हेही समितीने नोंदवलं. (तक्रारदारांची नावं शोधली, तर दर वेळी एकच गृहस्थ सापडले.) साडेपाच होत आले. पाळणाघर सहाला बंद होई, आणि उशीर झाला की मुंगी दप्तर पाठीला लावून दाराशी बसे.

"मग सर्वांना मान्य?"

"चालेल," म्हणत मुंगीची आई पर्स उचलून पळाली. 'शोध' आहे तसंच ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढे पाळणाघरानेही प्रगती केली. दारावरच्या मावशींच्या हाती टॅबलेट आला. नाव शोधायचं, येईल ते मूल पालकांच्या हवाली करायचं. आत हत्यारं तीच, 'शोध'सकट. आणि मुंगी मोठ्या गटात गेली त्या दिवशी तिचं नाव जुन्या यादीतून निघालं, नव्या यादीत चढायचं राहिलं.

संध्याकाळी आई न्यायला आली, तेव्हा मावशींनी नाव शोधलं आणि एक गुटगुटीत, रडवेलं मूल आणून तिच्या कडेवर दिलं.

"मावशी, हे माझं नाही!"

"मशीन म्हणतंय, तुमचंच."

"अहो, मुंगी ती काय तुमच्या मागे बसलीय!"

मावशींनी वळून पाहिलं. मुंगीने हात हलवला.

"दिसतेय हो मला," मावशी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण सापडायला नको का?"

"आई, तू त्याला नेणार?" मुंगीने विचारलं.

आईने टॅबलेट हिसकावून घेतला, यादीत मुंगीचं नाव घातलं. नवं नाव, साहजिकच, शेवटी लागलं. मुंगी सापडली. मावशींनी मशीनचं कौतुक केलं.

'नाही'चा प्रस्ताव आईने पुन्हा पाठवला. समितीने तो फायलींत शोधला आणि पंख्यांच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. तेव्हापासून आई सगळ्यांच्या आधी धापा टाकत पाळणाघर गाठते. कारण यादीत नसलेलं कुठलंही मूल न्यायला कोणी आलं, की मावशी मुंगीच्या पायांत बूट घालायला लागतात.

वाचकहो, गेल्या सभेत तुम्हीही घाईघाईने 'चालेल' म्हणालात. कशाला, ते आठवतंय? आठवत नसेल तर तसं म्हणू नका. शेवटचं जे आठवतंय तेच सांगा. तुमच्या नावावर लिहून घेतो.