बाणाला तोंड पाहिजे

कर्जत स्टेशनजवळ आमच्या औषधाच्या दुकानाला लागून मधूदादांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका करायला गेलात तर मुहूर्त, मामांची नावं, सगळं झटपट उरकतं. मागच्या बाजूच्या नकाशापाशी मात्र गाडी अडते. कारण नकाशात बाण असतो, आणि कॉम्प्युटरमधला तयार बाण वापरणं मधूदादांना पाप वाटतं.

"तयार बाण म्हंजे भाड्याचा कोट रं. अंगात जातो, आपला वाटत नाय. बाणाला तोंड पायजे!"

मग ते स्वतः बाण घडवत बसतात. डांबरी रस्ता जाड रेघेचा, कच्चा तुटक रेघेचा. टोक अणकुचीदार झालं तर बाण "टोचतोय", बोथट झालं तर "झोपलाय". साक्षात नवरदेव आला तरी त्याला चहा पाजून ताटकळत ठेवतात. एकदा खालापूरला जाताना रिक्षा थांबवून त्यांनी एका हॉटेलच्या पाटीला झापलं होतं, "ह्यो बाण हाय का खिळा?" पाटी काही बोलली नाही. रिक्षावाला बोलला, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा त्यांच्याच लेकीचं लग्न ठरलं आणि गडी गप्प झाला. कारण कोंडाणे गावची बाय. बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनेच त्यांना वाढवलं. बायला वाचता येत नाही. मागे एका लग्नाला निघाली ती भलत्याच मांडवात शिरली, अनोळखी नवरीला आहेर केला, पोटभर जेवली आणि मग कळलं. लोक हसले. तेव्हापासून बाय कुणाच्या लग्नाला जात नाही. गाडी पाठवतो म्हटलं तर उसळली, "मी काय गोणी हाय, उचलून न्यायला? आले तर माजी मी येन."

"बाय नसली तर पोरीच्या डोक्यावर पयल्या अक्षता कोन टाकंल रं?" दादा मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात वाटीभर कालवलेलं तांदळाचं पीठ! दादांनी त्यात मूठ बुडवून काळ्या कागदावर उमटवली आणि वर बोटांनी ठिपके दिले. गौर घरात आणताना काढतात तशी पावलं. ती स्कॅन करून त्यांनी अख्खी रेघच पावलांची केली. माउस ओढला की पावलं चालत सुटायची. रिक्षास्टँड, पूल, मारुतीचं देऊळ, हॉलचं दार.

छापायला देण्याआधी त्यांनी मला कागद दाखवला. मी "वा!" म्हणेपर्यंत त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं, रेघ मी हॉलपासून ओढली! गौर घराभायेर चाललीय!"

मग रेघ उलटवली. पावलं दाराकडे वळली तेव्हाच त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आधी हॉलच्या दारात बाय हजर. एकटी. नवं लुगडं, हातात पत्रिका, आणि मान अशी ताठ की बँडवाल्यांनी कोणी मोठी पाहुणी समजून वाजवायलाच सुरुवात केली. दादा धावत गेले.

बायने नकाशावर बोट ठेवलं. "डाव्या पायाची करंगळी मोठी काढलीस. ल्हानपनीबी अशीच काढायचास."

आमचे मधूदादा भर पाहुण्यांत हमसून रडले. मलाही राहवलं नाही.

बायने पदराने त्यांचं तोंड पुसलं. "चल आता. अक्षता कुठं हायत?"