पटसंख्या एक

आपली मुलगी वाचू लागली आहे, ही गोष्ट लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाने पहिले चार दिवस कुणालाही सांगितली नाही. मुलगी साडेचार वर्षांची होती. घरात तिला टिल्ली म्हणत. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर कामावर गेली असताना तिने लिफ्टमधली पाटी वाचली, ‘क्षमता सहा माणसे’, आणि विचारलं, “सहा लठ्ठ की सहा बारीक?” अठरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न बाबांना कुणीही विचारला नव्हता. त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि मुलीकडे जरा काळजीने पाहिलं.

बातमी फुटली ती बालवर्गात. भिंतीवरच्या तक्त्यात दोनदा सतरा छापलंय आणि अठरा कुठेच नाही, हे टिल्लीने सगळ्या वर्गासमोर सांगितलं. तो तक्ता तिथे सहा वर्षं होता. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं आणि छत गळत असल्याची तक्रार करावी तशा आवाजात म्हणाल्या, “तुमची मुलगी हुशार आहे. तिचं काहीतरी करा.”

काहीतरी करायचं म्हणजे ‘प्रज्ञावान बालक शोध व संगोपन कक्षा’त जायचं. हा कक्ष शिक्षण खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. कक्ष स्थापन होऊन अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात एकही बालक सापडलं नव्हतं, त्यामुळे कामकाज सुरळीत चाललं होतं. टिल्लीला पाहून कक्ष अधिकारी थोडे दचकले. पण नियमात परीक्षा होती, म्हणून परीक्षा घेण्यात आली.

पंचवीस गुणांपैकी टिल्लीला चोवीस मिळाले. एक गुण गेला तो ‘गाय, मांजर, खुर्ची, घोडा यांत वेगळे कोण?’ या प्रश्नाला. सगळ्यांना चार पाय आहेत, वेगळं कुणीच नाही, असं तिने सांगितलं. परीक्षकांनी उत्तरसूचीत पाहिलं. सूचीत खुर्ची होती.

तरीही चोवीस म्हणजे पुष्कळच. खात्याने प्रज्ञावान मुलांची शाळा काढायचं ठरवलं. अडचण एवढीच, की नियमाप्रमाणे वर्ग सुरू करायला तीस मुलं लागत आणि उत्तीर्ण झाली होती एक. मग गावातल्या सगळ्या मुलांसाठी परीक्षा ठेवली गेली आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा विसावरून पंधरावर आली, पंधरावरून नऊवर. नऊवर तीस मुलं भरली.

दुसऱ्या दिवशी आठ गुणवाल्यांचे पालक कक्षात आले. त्यातल्या एका वकिलाने सांगितलं, की आपल्या मुलाला आठच गुण पडले असले तरी ते त्याने स्वतःच्या मनाने मिळवलेले आहेत. हा मुद्दा अधिकाऱ्यांना खोडून काढता आला नाही. त्यानंतर सात गुणवाले आले, मग पाच, मग परीक्षेला बसलेच नव्हते ते. न बसण्यात एक प्रकारची स्वतंत्र विचारशक्ती दिसते, असं कक्षाच्या परीक्षा समितीने नमूद केलं. शेवटी कुणावरही अन्याय नको म्हणून सर्व मुलांना सरसकट पंचवीसपैकी पंचवीस गुण बहाल करण्यात आले. गावातली सगळी मुलं प्रज्ञावान ठरली. शाळांवरच्या पाट्या बदलल्या. आत बाई त्याच, बाकं तीच, तक्त्यात सतरा दोनदा तसेच.

टिल्लीचे बाबा तिचा प्रवेश पक्का करायला गेले, तेव्हा अधिकाऱ्यांनी बराच वेळ तिची फाइल चाळली.

“हिचे चोवीस आहेत,” ते म्हणाले. “प्रवेशाला पंचवीस लागतात.”

“पण सगळ्यांना पंचवीस दिलेत ना साहेब?”

“ते दिलेले आहेत. तुमच्या मुलीने मिळवलेले आहेत. खऱ्या गुणांत आम्हाला फेरफार करता येत नाही हो. गुन्हा आहे तो.”

अशा रीतीने टिल्ली ही गावातली एकमेव सामान्य मुलगी ठरली.

बाबांनी तीन अर्ज केले, ते चार टेबलं फिरले. प्रत्येक टेबलावर त्यांच्याशी अतिशय सहानुभूतीने बोललं गेलं. एका कारकुनाने तर स्वतःचा मुलगा कसा प्रज्ञावान आहे हे सांगून त्यांना धीर दिला. अखेर तोडगा निघाला तो कायद्यातूनच. सामान्य मुलांनाही शिक्षणाचा हक्क होता. म्हणून शाळेच्या मागच्या बाजूला, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीशेजारी, ‘सामान्य तुकडी’ उघडण्यात आली. तिच्यावर एका मास्तरांची नेमणूक झाली. मुलांनी काही विचारलं की हे मास्तर “मला माहीत नाही, बघू या” असं म्हणत. प्रज्ञावान वर्गात हे उत्तर शोभण्यासारखं नव्हतं.

प्रवेशासाठी पालकाने स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहून खाली सही करायची होती : ‘माझे मूल इतर मुलांसारखेच आहे.’

बाबा फॉर्म घेऊन घरी आले. बारा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लोंबकळताना न थरथरणारा त्यांचा हात त्या पाच शब्दांपुढे अडला. खोटं लिहायचं आणि तेही पोटच्या पोरीबद्दल, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. टिल्लीची आई औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून ती फार बोलायची नाही. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

“तिला शाळा हवी आहे,” ती म्हणाली. “मोठेपणा आपल्याला हवा आहे. लिहा.”

बाबांनी लिहिलं. अक्षर वाईट आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात टिल्लीने मास्तरांना विचारलं, की नळात पाणी कुठून येतं. मास्तर म्हणाले, मला माहीत नाही, बघू या. दोघं पाइपाचा माग काढत मोरीतून अंगणात, अंगणातून जिन्याने गच्चीवर गेले, टाकीचं झाकण उघडून आत डोकावले. टिल्ली बूट भिजवून घरी आली आणि जेवताना तिचं तोंड काही मिटेना. बाबा घास हातात धरून ऐकत बसले. आपण काय लिहून दिलंय, याचा त्यांना त्या वेळापुरता विसर पडला.

पण गोष्ट लपून राहिली नाही. सामान्य तुकडीत एका मुलामागे एक शिक्षक आहे, आणि तो प्रश्नाचं उत्तर शोधायला मुलाबरोबर गच्चीवर जातो, हे कळताच पालकांत खळबळ उडाली. आपल्या मुलांना केवळ प्रज्ञावान ठेवून त्यांचं नुकसान होत असल्याची भावना पसरली. खात्याने एकोणतीस जागा जाहीर केल्या.

त्या दिवशी टिल्लीचे बाबा त्याच इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करत होते. रांग तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरून फाटकाबाहेर गेली होती. फॉर्म तोच, पाच शब्दांचं वाक्य तेच. रांगेत पुढे असलेल्या एका डॉक्टरांनी ‘माझे मूल इतर मुलांसारखेच’ इथवर झरझर लिहिलं आणि थांबून पुढे ‘दिसते’ असं लिहिलं. फॉर्म बाद झाला. वकिलांनी सुरुवातीला ‘तूर्त’ घातलं. तोही बाद. एका आईने सगळं बरोबर लिहून सहीसाठी पेन टेकवलं, मग मान वर करून हळूच विचारलं, की यात ‘विशेष सामान्य’ असा काही गट आहे का. मागच्या कुणीतरी सुचवलं, की दुसऱ्याच्या मुलाबद्दल लिहायची सोय असती तर बरं झालं असतं.

पाच वाजता कार्यालय बंद झालं तेव्हा जिना रिकामा होता. बाबांनी हत्यारांची पेटी उचलली. जाता जाता त्यांनी टेबलावरचा कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पाहिला. अधिकारी म्हणाले, “तुम्ही कसं काय लिहिलंत हो?” बाबा दुरुस्त केलेल्या लिफ्टने खाली गेले.

सामान्य तुकडीची पटसंख्या आजही एक आहे. एकोणतीस जागा शिल्लक आहेत. वयाची अट नाही, शिफारस लागत नाही, फॉर्म फुकट मिळतो. तुम्हालाही तुमच्या मुलासाठी जागा हवी असेल तर जरूर या. येण्याआधी फक्त ते पाच शब्दांचं वाक्य घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा.