सुनेच्या हवेचं गाठोडं

सामान बांधावं तर मी! हे मी सांगत नाही, सगळं खानदान सांगतं. (आधी मीच सांगते, पण आजवर कोणी नाही म्हणालेलं नाही.) घर बदललं तेव्हा हमाल ट्रक मागत होते. मी सगळा संसार टेम्पोत बसवून दाखवला आणि वर नवऱ्याला पाय पसरायला जागा ठेवली! माझी गाठ त्या माणसाला अजून सुटलेली नाही. गाठोड्याचीही नाही आणि लग्नाचीही नाही.

अशा माझ्या घरात सून आली ती पाण्यात बुड्या मारणारी! पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, तोंडात नळी धरायची आणि तळाशी जाऊन मासे काय करतात ते बघायचं. मासे काही करत नाहीत, हे मी तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. पण ऐकते कोण?

पोरगी गुणाची हो, पण तिचं ते सामान! माझ्या रजया बाहेर काढून अख्खी कोठीची खोली त्याला दिली. रबरी अंगरखा दुमडायचा नाही, खांद्याला जाड हँगर लावायचा. पायात घालायचे ते बदकाचे पंजे उन्हात ठेवायचे नाहीत. काचेच्या चष्म्यावर काही ठेवायचं नाही. प्रत्येक वस्तू गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. एवढी सेवा मी आजारी नवऱ्याचीही केली नाही, आणि तो तर रोज मागायचा.

वर न्यायला एक काळी पेटी. तिच्यात स्पंज, स्पंजात खाचा आणि एकेका खाचेत एकेक वस्तू. अर्धी पेटी स्पंजानेच भरलेली! मी विचारलं, "अगं, स्पंजही बुडी मारणार आहे का तुझ्याबरोबर?"

"आई, ते धक्के बसू नयेत म्हणून असतं."

"धक्के बसल्याशिवाय कोणी घट्ट झालंय का?"

ती हसली. हसली की मला हरल्यासारखं वाटतं.

तर त्या दिवशी तिची परीक्षा होती, बुडी शिकवणारी बाई होण्याची. पास झाली तर पक्की नोकरी, नाहीतर पुन्हा वर्षभर दुसऱ्यांच्या नळ्या धुवायच्या. सकाळी सगळं सामान जोडून तिने तपासलं आणि नवऱ्याला, म्हणजे माझ्या लेकाला, बजावलं, "मी लेखी पेपरला पुढे जाते. तू हे सुटं कर, पेटीत भर आणि दुपारच्या आत तलावावर आण. विसरू नकोस!"

लेक विसरला नाही. नुसता ऑफिसात अडकला! तिथून फोन आला, "आई, मित्राला पाठवतो. तोवर तू कशालाही हात लावू नकोस."

हात लावू नकोस! मला! ज्या बाईने टेम्पोत संसार बसवला तिला!

फोन ठेवला आणि पदर खोचला.

पहिली गोष्ट, सुटं काही केलं नाही. जोडलेलं सोडवलं की अर्धं हरवतं, हे मी भावाभावांच्या वाटण्यांत पाहिलंय. सिलिंडर, त्याला बांधलेलं जॅकेट, नळ्या, सगळं जसंच्या तसं ठेवलं. मग गाडीत न्यायच्या आधी सिलिंडर बंद करावा म्हणून त्याची चावी फिरवली. एवढी अक्कल मला आहे! चावी एका बाजूला हलेचना. दुसऱ्या बाजूला मात्र लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. म्हणजे तीच बंद करायची बाजू! आतून "फुस्स" झालं. मी म्हटलं, थकलाय बिचारा, आता निजेल.

अंगरख्याची साडीसारखी घडी घातली आणि आत डांबरगोळ्या टाकल्या. पंजे कडक वाटले, त्यांना तेलाचा हात फिरवला. तळाशी जायला कमरेला वजन म्हणून बांधायचा तो शिशाचा पट्टा चष्म्यावर ठेवला, चष्मा उडू नये म्हणून. सगळ्याला जाड रजई गुंडाळली आणि वर माझी गाठ मारली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "पेटी?"

"पेटीत तुम्ही बसा!"

टॅक्सीच्या मागच्या सीटवर गाठोडं ठेवलं आणि उरलेल्या वीतभर जागेत मी बसले. वळणावर गाठोडं घरंगळायला लागलं, म्हणून मी त्याच्यावर कोपर रोवलं.

"सूंऽऽऽ!"

टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं. "मावशी, साप आहे का?"

"साप कशाला असेल? सुनेचं सामान आहे."

"म्हणून विचारलं," तो म्हणाला.

तेवढ्यात गाठोडं फुगायला लागलं. आधी मला वाटलं मीच जाड झाले. मग ते माझ्या बरगड्यांना टेकलं. मी दाबलं. ते आणखी फुगलं! मी दोन्ही हातांनी दाबलं. ते रुसलेल्या जावयासारखं टम्म झालं! आता मला काय ठाऊक, की जॅकेटात हवा भरायचं बटण बरोबर माझ्या कोपराखाली आलंय? मी म्हटलं, गप्प बस! आणि गुडघाही टेकवला.

"मावशी, माझी सीट पुढे चाललीय!"

"मग तूही पुढे चल!"

"मी स्टेअरिंगपर्यंत आलोय!"

त्याची छाती हॉर्नवर टेकली. हॉर्न वाजायचा थांबेना. मागून सूंऽऽ, पुढून पोंऽऽ! चौकात ट्रॅफिक पोलीस आडवा आला. "काय आहे आत?"

मला बोलायला श्वास कुठे होता! कशीबशी ओरडले, "सिलिंडर! सुनेच्या श्वासाचा! वेळेवर पोचला नाही तर पोरगी गेली!"

त्या देवमाणसाचा चेहराच बदलला. "माझ्या मागे या!" म्हणत त्याने मोटारसायकलला किक मारली आणि भोंगा सुरू केला. गाड्या बाजूला झाल्या, बस थांबली, लोकांनी हात जोडले. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता!

तलावाच्या फाटकातून आम्ही भोंग्यासकट आत शिरलो. काठावर मिशीवाले परीक्षक उभे होते आणि शेजारी सून, चांगली धडधाकट.

"पेशंट कुठे आहे?" पोलिसाने विचारलं.

मी बोट दाखवलं. पोलिसाने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलणार होता, पण माझं तोंड बघून मोटारसायकल वळवून निघून गेला.

टॅक्सीवाल्याने गाठोडं ओढून काढलं. गाठ सुटेना! (बघा!) शेवटी कात्री लावली. रजई उडाली आणि आतून जॅकेट असं उसळलं की परीक्षक दोन पावलं मागे सरले. डांबरगोळ्या टणाटण तलावात गेल्या. चष्म्याच्या काचेला तडा गेला होता. सुनेने सिलिंडरचा काटा पाहिला. तळाला! तिचा चेहराही तळाला गेला.

"हे कोणी बांधलं?" परीक्षकांनी विचारलं.

टॅक्सीवाल्याचं नाव जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पोरीचे डोळे भरून आलेले दिसले.

"मी," मी म्हटलं. "पोरीचा दोष नाही. नापास करायचं तर मला करा."

परीक्षक मिशी पिळत सामानाभोवती फिरले. तेलकट पंजा उचलून त्यांनी वास घेतला. मग सुनेला म्हणाले, "पुढचा भाग हाच होता. विद्यार्थ्याने सामान बांधताना केलेली चूक ओळखायची आणि त्याला न दुखावता शिकवायचं. मी माझ्या मदतनिसाकडून दोन-चार लपवलेल्या चुका करवून घेणार होतो. आता गरज नाही! ह्या बाई तुमच्या विद्यार्थिनी. शिकवा!"

मी! विद्यार्थिनी! तेही सुनेची!

सुनेने डोळे पुसले आणि एकेक वस्तू उचलत सांगायला लागली. तेलाने रबर खराब होतं, घडीने अंगरख्याला चिरा पडतात, जोडलेलं सामान हलवायचं नाही. आवाज कुठे चढला नाही. मीच चढवला. "पण चावी एकाच बाजूला फिरत होती!"

"तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "सिलिंडर मी सकाळीच बंद केला होता. बंद दार उघडण्याशिवाय आणखी कुठल्या बाजूला जाईल?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं तोंड असं मिटलेलं पाहायला नवरा तिथे नव्हता, हीच देवाची कृपा!

"पास!" परीक्षक गरजले. "ह्यांना जी शिकवू शकते ती माशालाही पोहायला शिकवेल!" पाण्यातल्या परीक्षेला तलावावरचा सिलिंडर आणि चष्मा दिला, आणि त्या परीक्षेतही ती पास झाली.

आता कोठीत ती पेटी असते आणि मी तिला हात लावत नाही. लावायची गरजही नाही. कारण दर परीक्षेला ते मिशीवाले मला खास टॅक्सी पाठवून बोलावतात. "काही विचार न करता, तुमच्या पद्धतीने बांधा," असं म्हणतात. शेजारपाजारी मी सांगून ठेवलंय, की माझ्या हाताशिवाय त्यांची परीक्षाच सुरू होत नाही.

हात कशासाठी लागतो, ते अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीही जरा गप्प राहा!