हबीब मिस्त्रीच्या खड्ड्यातला प्राचीन स्तंभ

पांढरकवड्याच्या नाक्यावर, नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, हबीब मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, एक बाक, एक कडुनिंब आणि निंबाखाली फरशीनं बांधून काढलेला पुरुषभर खोल खड्डा. ट्रक खड्ड्यावर उभा करायचा, आपण खाली उतरायचं आणि ट्रकच्या पोटात हात घालायचा. नाक्यावर असा खड्डा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. हबीबनं तो स्वतःच्या हातानं खणला होता आणि त्याचं घर त्याच खड्ड्यावर चालत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या खड्ड्याबद्दल सरकारी अहवालात भलतंच काही येणार आहे.

बाकावर रोज दोन माणसं येऊन बसायची. एक सदाशिवराव, पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. दुसरे वामनराव, कापसाचे मोठे शेतकरी. त्यांना पोरांपेक्षा बैलांचं कौतुक जास्त. दोघांनाही घरात कोणी तोंड उघडू देत नसे, म्हणून ते इथं उघडायचे. विषय एकच : गावाबाहेरच्या पडक्या देवळाच्या छतावर ती अखंड शिळा प्राचीन लोकांनी चढवली कशी?

"मंत्रानं!" सदाशिवराव म्हणत. "मंत्र म्हटला की दगडाचं वजन उतरायचं. शिवाय माणसं ताडासारखी उंच!"

"बैलानं!" वामनराव म्हणत. "मातीचा उतार करा, बैल जुपा, दगड वर. मंत्रानं त माह्या घरची म्हैस उठत नाही!"

हे ऐकून ऐकून हबीबचे कान किटले होते. एके दिवशी ट्रकखालून त्यानं डोकं बाहेर काढलं आणि जन्मभर पुरेल असं वाक्य बोलून बसला.

"मंग एक दगड उभा करूनच पाहा ना जी! कायले रोज माह्यं डोकं खाऊन राह्यले?"

दोघांनी ते मनावरच घेतलं. वामनरावांच्या शेतात, नाल्याकाठी, एक लांबलचक काळा दगड पडलेला होता. बैल जिंकले तर सदाशिवरावांनी हार मानायची, असं ठरलं. आता दगड उभा राहायला खोल, मजबूत खड्डा हवा. दोघांची नजर एकदमच हबीबच्या पायाखाली गेली.

"एका दिवसाचा त सवाल हाय, हबीबभाऊ," वामनराव म्हणाले. "सकाळी उभा, संध्याकाळी आडवा."

भल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हाच त्याचा रोग असतो. हबीब हो म्हणाला. घरात त्याच्या बायकोनं, सुग्राबीनं, कपाळावर हात मारून घेतला. "लोकायचे इंजिन दुरुस्त करता, आपली जबान काहून नाही करत?"

गावातल्या साऱ्या बैलजोड्या जुंपल्या. लाकडी ओंडक्यांवरून दगड निघाला, बाजार ओस पडला, शाळा आपोआप सुटली. दिवस कलला तेव्हा कुठं दगड मातीच्या उतारावरून खड्ड्याच्या काठावर आला, डुलला आणि धाडकन आत जाऊन उभा राहिला. भोवती मुरूम ठोकला. टाळ्या पडल्या. सदाशिवराव शांतपणे म्हणाले, "मी मनातल्या मनात मंत्र म्हणत होतो."

"झालं ना? आता काढा," हबीब म्हणाला.

"आता?" वामनराव दचकले. "आज खांदशेकणी हाय, बावा! उद्या पोळा. खांद्याले हळद-लोणी लागलं का मंग जू नाही लागत. गरीब जनावरं!"

दुसऱ्या दिवशी पोळ्याचं तोरण बांधायला दोन खांब हवे होते. एक टोक निंबाला बांधलं, दुसरं दगडाला. तोरण ज्याला बांधतात त्याला कुंकू लागतंच. ते वामनरावांच्या मैनाबाईंनी लावलं. पोळा फुटला, बैल घरी गेले, कुंकू राहिलं. दसऱ्यापर्यंत दगडाला शेंदूर चढला. त्यानंतर हबीबनं 'आडवा' हा शब्द काढला की लोक कानांवर हात ठेवू लागले.

ट्रकवाले यायचे, खड्ड्यात देव पाहायचे, हात जोडायचे आणि पुढच्या गावच्या मिस्त्रीकडे जायचे. हबीबचा हात पान्याविना शिवशिवायचा. शेवटी त्यानं तहसिलीत अर्ज दिला. तेवढ्यात दिवाळीच्या सुमारास अख्खा जिल्हाच मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला आणि हबीबचा अर्ज त्याच्या मागं फिरू लागला. अर्ज मुंबईला रुळतो न रुळतो तोच महाराष्ट्र झाला. राज्य दोनदा हललं. दगड जागचा हलला नाही.

मग उत्तर आलं. ज्या दगडाच्या उभारणीची कागदोपत्री नोंद नाही तो प्राचीन समजण्यात यावा, आणि प्राचीन दगड हलवणे हा गुन्हा समजण्यात यावा. सोबत पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. त्यांनी बुडाशी थोडं खणलं, माती हुंगली आणि डोळे मिटले. अहवालात लिहिलं : 'तळाशी काळी, तेलकट माती. सबब प्राचीन लोक स्तंभास तेलाचा अभिषेक करीत असावेत. खड्डा फरशीबंद असून बहुधा यज्ञकुंड. एक लोखंडी विधी-उपकरणही सापडले.'

"साहेब, तो माहा चौदा नंबरचा पाना हाय!" हबीब ओरडला. "तवाच हरवलता! द्या बरं इकडे."

"ही आता राष्ट्राची संपत्ती आहे," साहेब म्हणाले आणि पाना रुमालात गुंडाळला.

"साहेब, हा दगड माह्या डोळ्यांदेखत उभा झाला. बैलायनं ओढला. साऱ्या गावानं पाह्यला!"

"प्राचीन इतिहासात डोळ्यांनी पाहिलेल्याला फारसं महत्त्व नसतं. जाणत्यांना बोलवा."

जाणते आले. सदाशिवरावांनी बैल कबूल केले असते तर हार मानावी लागली असती. वामनरावांनी बैल कबूल केले असते तर दगड काढून द्यावा लागला असता. शिवाय आता त्यांच्या शेताजवळून खात्याचा पक्का रस्ता जाणार होता. हबीब दोघांच्या तोंडाकडे आशेनं पाहत राहिला. बाकावर बसायला लागल्यापासून प्रथमच दोघांचं एकमत झालं.

"राक्षसांनी," सदाशिवराव म्हणाले.

"राक्षसांनीच," वामनराव म्हणाले. "माहा आजा सांगत होता."

त्या रात्री हबीब जेवला नाही. रडला, अगदी हमसून रडला. सुग्राबीनं एकदाही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटलं.

पण सरकार निर्दय नसतं. स्तंभाला पहारेकरी हवा होता आणि हबीब जवळच राहत होता. खाकी सदरा मिळाला, काठी मिळाली. स्वतःच्या खड्ड्यात कोणी उतरू नये, म्हणून तो स्वतः पहारा देऊ लागला. आल्यागेल्याला इतिहास सांगणं हेही कामात होतं. सुरुवातीला त्यानं खरा सांगितला : बैल, ओंडके, पोळा, पाना. तीन तक्रारी गेल्या. 'पहारेकरी पूर्वजांचा अपमान करतो.' वरून ताकीद आली.

तेव्हापासून तो येणाऱ्याला आधी विचारू लागला, "खरं सांगू का मोठं सांगू?"

मास्तर आले, वकील आले, पुढारी आले. सारे हसून म्हणाले, "अर्थात खरंच सांगा." मग तो बैलांचं सांगायला लागायचा, आणि बैल जुंपून होण्याआधीच त्यांची नजर वर दगडाच्या टोकाकडे जायची. "छे हो, शक्य आहे का? एवढा दगड, आणि नुसत्या बैलांनी?" मग राक्षस सुरू व्हायचे आणि माना डोलायच्या.

एक दिवस सुग्राबी भाकरी घेऊन आली. दगडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "खरंच वो, कसा उभा केला असंल यायनं?"

हबीबनं भाकरी खाली ठेवली.

त्या दिवसापासून तो कोणालाच काही विचारत नाही. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात तर थांबा, खाकी सदऱ्यातला म्हातारा उठून तुम्हाला राक्षसांची गोष्ट सांगेल. तुम्हाला सगळं ठाऊक आहे; बैल, पोळा, पाना, सगळं. तरीही तुम्ही एकदा वर दगडाच्या टोकाकडे पाहाल आणि त्याला मधे अडवणार नाही.