राणीचं नाव नीट घ्या!

शिवाजी पेठेत कुणाचं लग्न ठरलं की हॉल नंतर, आचारी नंतर, आधी दत्तप्रसाद! छापखान्यात प्रुफं तपासायला बसलेला हा एक्केचाळीस वर्षांचा अविवाहित गडी पत्रिकेतली चुकलेली वेलांटी अशी उचलायचा, जशी घार कोंबडीचं पिल्लू उचलते. "माझ्या हातनं आजवर एक नाव चुकीचं गेलेलं न्हाई," असं तो सांगायचा आणि ते खरंही होतं. आमंत्रणांवरची हजारो नावं त्यानं नीट केली होती. त्यातलं एकही आमंत्रण त्याला आलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं आठवड्यात एकच काही होतं. रविवारची दुपार! थोरली बहीण अक्का आणि तो, अशी दोघंच राहत असलेल्या त्या माडीवर रविवारी तीन वाजता तिघं यायची. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा उजैर, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर सम्राट आणि सरकारी दवाखान्यात क्लार्क असलेली भैरवी. मग टेबलावर नकाशा पसरायचा, दत्तप्रसाद गोष्ट सांगायला लागायचा आणि ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. कुठं अडलं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा सांगेल ते खरं. उजैर तिरंदाज होता. सम्राट कुऱ्हाडवाला होता. भैरवी झाडपाला देणारी म्हातारी वैदू होती, आणि तिचं नाव तिनं ठेवलं होतं बनाबाई. तीन वर्षं असा खेळ चालला होता.

खेळातलं ते राज्य दत्तप्रसादनं एकट्यानं रचलं होतं. सात वर्षं खपून! डोंगर, नद्या, राजघराणी, एकशेचाळीस नावं. नावं त्यानं मुद्दाम इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. मराठीत लिहिली की ती नात्यातली वाटायला लागतात, असं त्याचं म्हणणं.

दुखणं तिथंच होतं. ड्यूल्घा नावाचा अजगर त्यानं तीन पानं वर्णन करून उभा केला, आणि पहिल्याच दिवशी सम्राटनं त्याचा जुगल्या करून टाकला. आता जुगल्याची भीती कुणाला वाटणार? आणि राणी! हे सगळं ज्या आजारी राणीसाठी चाललेलं, जिच्यासाठी तिघं तीन वर्षं औषधाची कुपी घेऊन रानोमाळ हिंडत होती, तिच्या नावात आधी एक्स होता, त्याला चिकटून एच, मग ए आणि ई मांडीला मांडी लावून, मग टी आणि एच, आणि शेवटी ए-एल. उजैर तिला झेथल म्हणायचा. भैरवी म्हणायची शीतल. सम्राट म्हणायचा शेठाणी!

"शेठाणी न्हाई रे," दत्तप्रसाद कळवळून म्हणायचा, "राणीसाहेब म्हण. पण शेठाणी म्हणू नकोस."

"बरं, राणी शेठाणी," सम्राट म्हणायचा.

दत्तप्रसादनं अकरा पानांचा उच्चारकोश तयार केला, तारेनं बांधून प्रत्येकाला दिला. सम्राटनं त्यावर भजी ठेवून खाल्ली. स्वयंपाकघरातून अक्कासुद्धा विचारायची, "व्हय रे, शेठाणीला बरं वाटलं का?" असं विचारलं की दत्तप्रसाद कोश उघडून स्वयंपाकघरात जायचा.

अशात ऑगस्टमध्ये भैरवीची बदली झाली. चंदगडकडच्या दवाखान्यात, बुधवारी हजर व्हायचं. म्हणजे रविवार हा शेवटचा. दत्तप्रसादला वाईट वाटलं, खूपच वाटलं, पण वाईट वाटलं की काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला चुका काढणं ठाऊक होतं. त्यानं ठरवलं, शेवट असा करायचा की तिघांच्या जन्माला पुरेल!

रविवारी आभाळ दुपारीच विझल्यासारखं झालं होतं. बनाबाई आणि मंडळी राणीच्या महालाच्या दारापाशी पोचली. दत्तप्रसाद उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "दारावर आग हाय. राणीचं नाव घेतलं तर दार उघडंल. प्रत्येकाला एकच डाव. उच्चार चुकला, की जळून खाक!"

"फासा टाकायचा न्हाई?" उजैरनं विचारलं.

"न्हाई. नुसतं नाव."

उजैर मन लावून बसला. घशाच्या तळातून, अगदी नजाकतीनं त्यानं नाव काढलं, "झेऽथल."

"चूक. तिरंदाज जळाला."

"आँ?" उजैर हसला. मग दत्तप्रसादचं तोंड बघून हसायचा थांबला.

सम्राटनं खुर्ची मागं सारली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गल्लीतली कुत्री भुंकायला लागतील एवढ्यानं ओरडला, "ओ शेठाणीऽ! दार उघडा की! औषध आणलंय!"

"चूक. कुऱ्हाडवाला जळाला."

राहिली भैरवी. तिच्यासमोर बनाबाईचा कागद होता. तीन वर्षांत घड्या पडून तो फडक्यासारखा मऊ झालेला. ती म्हणाली, "दत्ता, बनाबाई शाळंत गेलेली न्हाई. तिला नावबिव न्हाई येत. तिला नुसतं आत जाऊन औषध पाजायचं हाय."

"नाव घ्यायलाच लागंल. अचूक."

"ती दारात बसून राहील. राणी कधीतरी बाहेर येईल की."

"नियम म्हणजे नियम!"

भैरवीनं कागदावरनं एकदा हात फिरवला. मग हळूच, एखाद्या झोपलेल्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाली, "शीतल."

एवढं तरी बरोबर म्हणावं की नाही? कुणीही म्हटलं असतं. पण सतरा वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाची जीभ! ती त्याच्या आधी बोलली.

"चूक. बनाबाई जळाली."

भज्यांतलं तेल कागदावर पसरत गेलं. शेवटी भैरवीच म्हणाली, "बरं. मग बरोबर काय ते तरी सांग."

हा क्षण! याचीच तो तीन वर्षं वाट बघत होता. दत्तप्रसादनं छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"ख्शे... क्झ्हॅ..."

थांबला. खाकरला. "सुरुवातीचा क्ष अर्धा. झ्शा... ख्हेठ..."

आणि त्याच्या कपाळावर घाम आला. सात वर्षं हे नाव त्यानं लिहिलं होतं, डोळ्यांनी वाचलं होतं, मनात ऐकलं होतं. मनात ते घंटेसारखं वाजायचं. पण तोंडानं? एकदाही नाही! खेळताना तो कायम राणीसाहेब म्हणायचा. तिसऱ्यांदा त्यानं जोर केला, तेव्हा घशातून निघालं ते ऐकून अक्का पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"तीन डाव, तीन नावं," उजैर म्हणाला. "दत्ता, तूबी जळालास."

सम्राट खो-खो हसला. भैरवी हसली नाही. तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, अक्काच्या पाया पडली, "येते," म्हणाली आणि जिना उतरून गेली. दत्तप्रसादकडं तिनं पाहिलं नाही.

"खेळ हाय की," दत्तप्रसाद म्हणाला. "एवढं काय मनावर घ्यायचं?"

उजैर चप्पल घालता घालता थांबला. "बनाबाई भैरवीची आत्या होती रे. तिनंच हिला वाढवली. खेळ सुरू केला तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली. म्हणून हिनं तिला इथं चालती-फिरती ठेवली. गेल्या वर्षी वारली की ती. उत्तरकार्याचं कार्ड तूच तर काढलंस."

दत्तप्रसाद जिन्यात उभाच राहिला. कार्ड त्याला आठवलं. 'कै'नंतरचं टिंब राहिलं होतं, ते त्यानं घातलं होतं. खाली निमंत्रकांत भैरवीच्या नावातला दीर्घ ईकार ऱ्हस्व पडला होता, तोही नीट केला होता. सगळी अक्षरं वाचली होती त्यानं. नाव वाचलं नव्हतं.

बुधवारी ती गेली. गुरुवारी ती मोबाईलवरच्या रविवारच्या ग्रुपमधूनही बाहेर पडली. दत्तप्रसादनं माफीचा मेसेज लिहायला घेतला. चार वेळा शुद्धलेखन तपासलं, पाचव्यांदा वाचलं तर त्यात चूक नव्हती आणि माफीही नव्हती. पुसून टाकला. रविवारी तीन वाजता कुणीच आलं नाही. अक्कानं सवयीनं पाच कप चहा टाकला होता; दोघांनी तो संध्याकाळपर्यंत गरम करून करून प्याला.

सोमवारी सकाळी तो चंदगडच्या यस्टीत बसला. गडहिंग्लज गेलं, नेसरी गेलं, आणि त्यापुढं खिडकीबाहेर नुसतं पाणीच चाललं होतं. तो ओठ हलवत सांगायचं पाठ करत होता. शेजारचा माणूस त्याला जप करणारा समजून अदबीनं सरकून बसला.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीला ही रांग! ओली घोंगडी, ओल्या छत्र्या, कण्हणं, खोकणं. तो रांगेत उभा राहिला. तासाभरानं खिडकीपाशी पोचला. आत भैरवी मान खाली घालून लिहीत होती.

"पेशंटचं नाव?"

पाठ केलेलं सगळं पार पुसून गेलं. "बनाबाई," तो म्हणाला.

पेन थांबलं. पण मान वर झाली नाही. "काय होतंय?"

"मेली."

मागची चिमणाबाई नावाची म्हातारी गुडघा चोळत होती, ती चोळायची थांबली. "अगं बाई! कशानं रं बाळा?"

"माझ्यामुळं," दत्तप्रसाद म्हणाला. आता त्याला थांबवत नव्हतं. "दारात उभी होती बिचारी. औषध घेऊन आलती. मीच म्हणलं, जळाली. माझ्या तोंडानं म्हणलं."

"जाळली?" मागनं कुणीतरी ओरडलं.

"जाळलीया म्हणं! बाईला जाळलीया!"

"धरा त्याला! पावणं, हलायचं न्हाई!"

रांग मोडली. घोंगडीवाल्यानं दत्तप्रसादची कॉलर धरली, एकानं छत्रीचं टोक बरगडीत लावलं. तापानं फणफणलेला एक गडी बाकावरून उठून मारायला आला, दोन पावलांत चक्कर येऊन पुन्हा बसला. दवाखान्याचा शिपाई सयाजी धावत आला. "पोलिसांस्नी फोन लावा!" चिमणाबाईनं तर गळा काढला, "कुणाची लेक हुती गं माझी बाय!"

"सोडा त्याला!" भैरवी बाहेर आली होती. "तसं न्हाई वो. कुणी मेलेलं न्हाई. ती खरी बाई न्हाई, ती नुसती खेळातली..."

आणि तिथं तिचं वाक्य अडलं. सगळी माणसं तिच्याकडं बघत राहिली.

"माझी आत्या हुती," ती शेवटी म्हणाली. "आजारानं गेली. गेल्या वर्षी. ह्यांचा काय संबंध न्हाई."

कॉलर सुटली. सयाजीनं पाच मिनिटं खिडकी सांभाळली आणि ती दोघं व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की ओरडून बोलावं लागत होतं.

"दार उघडलं!" दत्तप्रसाद ओरडला. "बनाबाई आत गेली!"

"कुणी उघडलं?"

"राणीनं. आतनं!"

"नाव न घेता?"

"राणीला दुखत हुतं, भैरवी. दुखणाऱ्याला कोण काय नावानं हाक मारतंय ह्याचं काय पडलंय? तिला पावलं ऐकू आली. उठली, दार उघडलं."

भैरवी पाण्याकडं बघत म्हणाली, "हे रविवारी सुचायला पायजे हुतं तुला."

"व्हय."

"औषध पाजलं?"

"पाजलं. राणी लगेच उठून बसली! खडखडीत बरी..."

"दत्ता." तिनं मान हलवली. "ते नको. औषधानं बरं झालं असतं तर मी इतकी वर्षं पाजत हुते की. आत पोचली न्हवं? उशाशी बसली न्हवं?"

"बसली."

"बास मग."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. ग्रुपमध्ये परत घे म्हणेल, दिवाळीला येते म्हणेल, निदान चहा घे म्हणेल. आतून कुणीतरी केसपेपरसाठी ओरडलं. "अक्काला विचारलं म्हणून सांग," ती म्हणाली आणि आत गेली. खिडकीतून तिचा आवाज आला, "पेशंटचं नाव?"

दत्तप्रसाद पायऱ्या उतरणार तेवढ्यात सयाजीनं त्याला अडवलं. "एवढा दंगा घातलासा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत नाव लिवा, मग जावा."

दत्तप्रसादनं वही घेतली. टपोऱ्या, छापल्यासारख्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. सयाजीनं वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

"दत्... परस... परसू का?"

दत्तप्रसादनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

"व्हय," तो म्हणाला. "परसू."

"तर परसू, तुमची यस्टी गेली. पुलावर पाणी आलंय. आता हिकडंच बसा."

आणि परसू ओल्या बाकावर, चिमणाबाईच्या शेजारी, जागा करून बसला.