बुचांची आखाजी

गेल्या चैत्रात आमच्या वायनरीतल्या बुचांनी माहेरी जायला रजा मागितली. अर्ज मीच लिहून दिला, कारण बुचांना लिहिता येत नाही आणि माझं अक्षर ठसठशीत आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चौथीचं अक्षर अजून जसंच्या तसं आहे.

मी लंकाबाई गांगुर्डे. दिंडोरी रस्त्यावरच्या वायनरीत बाटल्या भरायच्या खात्यात चौदा वर्षं काम करते. बुचं निवडायची, चिरलेली बाजूला काढायची आणि त्यांची हजेरी मांडायची, हे माझं काम. खरं बूच म्हणजे झाडाची साल. पोर्तुगाल नावाचा देश आहे, तिथल्या डोंगरावर ती झाडं असतात. नऊ वर्षांनी एकदा साल सोलतात, झाड मरत नाही, पुन्हा नवी साल धरतं. तिथून ते लेकरू आमच्याकडे येतं, बाटलीच्या तोंडात बसतं आणि सात-सात वर्षं जागचं हलत नाही. त्यामुळे कंपनीच्या रजिस्टरला बुचं कायम आहेत. मी कंत्राटी आहे.

बुचांच्या डोक्यात माहेर कोणी घातलं, असं पुढे साहेबांनी विचारलं. मीच घातलं. माझं माहेर बागलाणात, सटाण्याच्या पुढे. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. चैत्र लागला की मी आणि माझ्या शेजारी बसणारी मथुरा, आमच्या तोंडी दुसरा विषय नसतो. हात बुचं निवडतात, तोंड आखाजी बोलतं. टेबलावरच्या बुचांनी ते ऐकलं, आणि बाटलीत बसल्यावर तळघरातल्या जुन्या बुचांच्या कानावर घातलं.

एक दिवस मी तळघरात हजेरी घ्यायला गेले तर तिसऱ्या रांगेतलं थोरलं बूच म्हणालं, "लंकाबाई, झोका झाडालाच बांधतात ना?"

थोरलं बूच सात वर्षं तांबड्या वाइनवर बसलेलं. एक टोक कायम वाइनमध्ये, म्हणून त्याचं बोलणं जरा जड.

"झाडालाच," मी म्हटलं. "मग काय विजेच्या खांबाला बांधतील?"

"आम्हाला झाड आहे," ते म्हणालं. "आम्हाला कोणी सोडलं नाही एकदाही."

मी हजेरीची वही मिटली आणि कोरा कागद मागवला. दोन हजार एकशे चौदा बुचांच्या वतीने एकच अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, आईला भेटणे.

त्याच दिवशी मी माझाही अर्ज लिहिला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सटाण्याला शिबिरात आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन ठरलेलं, आणि सोबत घरचं माणूस असल्याशिवाय ते डॉक्टर हात लावत नाहीत. भाऊ होता तोवर तो दरवर्षी मला आखाजीला न्यायला यायचा. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत मी आईचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आता तर तिलाही माझं दिसणार नव्हतं.

दोन्ही अर्ज घेऊन मी कुलथे साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही. नियमाबाहेर पाऊल टाकत नाहीत, आणि नियमाच्या आतसुद्धा चाचपत टाकतात.

माझा अर्ज त्यांनी आधी वाचला. मान न वळवता अंगठा मागच्या सूचना फलकाकडे केला. तिथे टाचणीने लावलेलं होतं: बाटलीभरणीचा हंगाम संपेपर्यंत कंत्राटी कामगारांस रजा मिळणार नाही.

"साहेब, डोळे हंगाम बघून पिकत नाहीत."

"मला कळतंय, लंकाबाई. पण नोटीस लागलेली आहे. ती आहे तोवर माझा हात बांधलेला आहे."

मग त्यांनी बुचांचा अर्ज उचलला आणि दोनदा वाचला. "ही कायम आहेत," ते म्हणाले. आवाज पडलेला होता. "यांना नाही म्हणता येत नाही."

"मग म्हणू नका."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "न्यायला कोण आलंय?"

"म्हणजे?"

"मुऱ्हाळी कोण? मुऱ्हाळी आल्याशिवाय आपल्याकडे लेक माहेरी धाडत नाहीत. आमच्या घरात तर मुळीच नाही. माझी बायको दोन वर्षं थांबली होती, तिचा भाऊ दुबईला होता म्हणून." आणि त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मुऱ्हाळी आल्यास मंजूर', खाली सही केली, शिक्का मारला. साहेबांना सुटल्यासारखं वाटलं. पोर्तुगालहून झाड थोडंच येणार होतं.

तळघरात मी हे बुचांना सांगितलं. त्याच रात्री सगळ्या बाटल्यांची तोंडं ओलसर झाली. तपासनीस म्हणाला, गळती आहे. मी म्हटलं, गळती म्हणा, तुम्हाला त्याचाच पगार आहे.

त्याने लगेच साहेबांच्या कानाला लागून घेतलं. खरी बुचं नकोतच म्हणे. शंभरात तीन बुचं वाइनला बुरशीचा वास लावतात, प्लास्टिकची आणा, नाहीतर सरळ फिरकीची झाकणं आणा.

"शंभर माणसांत तीन नासकी नसलेलं गाव दाखवा," मी म्हटलं. "मी तिथे राहायला जाते."

शनिवारी माझी साहेबांची केबिन पुसायची पाळी होती. सूचना फलकावरची धूळ झाडताना मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, बोट लावलं तर किंचित दबणारा. चौदा वर्षं जी साल मी हाताखालून घातली तीच. नाक लावलं. वासही तोच.

"कोणत्या डोंगरावरचे तुम्ही?" मी विचारलं.

फलक म्हणाला, "दक्षिणेकडच्या. बाई, नऊ वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकी सगळे टाचण्याच मारतात."

"खाली तळघरात तुमच्याकडची लेकरं आहेत. दोन हजारांवर."

फलक म्हणाला, "त्यांची आई आणि मी एका मुळावरचे. मामा लागतो मी त्यांचा."

सोमवारी साहेब खुर्चीत बसले तसा तो त्यांच्या पाठीमागून बोलला. मी आणि मथुरा दारात उभ्या होतो.

"साहेब, भाचरांना न्यायला आलोय."

साहेबांनी खुर्ची वळवली. "आलोय म्हणजे? तुम्ही तर इथेच असता."

"नऊ वर्षांपूर्वी आलो. तुम्ही बसा म्हणाला नाहीत. टांगलंत."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मथुरा म्हणाली, "खरंय साहेब. पाहुण्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

साहेबांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. मुऱ्हाळी कोण असावा याबद्दल त्यात काही नव्हतं. नातं विचारलं, ते सख्ख्या मामाचं निघालं. स्वतःच्या हाताने लिहिलेला 'आल्यास मंजूर' हा शेरा समोर पडलेला. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. फलकाने पाणी घेतलं नाही, पण मान ठेवला गेला.

आता बाटल्या उघड्या राहून चालणार नव्हत्या. बुचं जायच्या आधी बदली माणूस हवं. खरेदी खात्याने घाईघाईत प्लास्टिकची बुचं मागवली आणि त्याच कागदावर फिरकीची पाचशे झाकणंही लिहिली. प्लास्टिकची बुचं बाटल्यांत बरोबर बसली. झाकणांना बाटलीच्या तोंडाला आटे लागतात, आमच्या बाटल्यांची तोंडं साफ गुळगुळीत. झाकण ठेवलं की गोल फिरत राहायचं, धरायला काही नाही. चारशे नव्याण्णव झाकणं परत गेली. एक टेबलाखाली घरंगळलं होतं ते राहिलं. राहिलं म्हणून मी त्याला हजेरीवर घेतलं. रोज त्याच्यापुढे लिहायचे: हजर, काम नाही.

प्लास्टिकची बुचं कामाला चोख. एकसारखी, एका मापाची. पहिल्या दिवशी त्यातलं एक मला म्हणालं, "आम्ही रजा घेत नाही, बाई."

"कौतुक नको सांगू," मी म्हटलं. "कुठे जायचंय तेच ठाऊक नसेल तर रजा घेऊन करशील काय?"

मथुरा मला म्हणाली, "ताई, लेकराला टोचून कशाला बोलता?" मलाही वाईट वाटलं, पण शब्द गेला होता.

आखाजीच्या आधी चार दिवस बुचं निघाली. मी स्वतः एकेकाला फिरकीच्या सुईने हळू वर काढलं. थोरलं बूच बाहेर आलं तेव्हा सात वर्षांनी दोन्ही टोकांना हवा लागल्यामुळे त्याला शिंक आली. मथुराने प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं, दोन हजार एकशे चौदा. प्रवासखर्चाला साहेबांनी नकार दिला, तशी गरजही नव्हती, बूच पाण्यावर तरंगतं. गोदावरीतून सोडा असं शिपाई म्हणाला, पण गोदावरी उलट्या बाजूच्या समुद्राला जाते. म्हणून मुंबईपर्यंत टेम्पो आणि पुढे पोहत, असं ठरलं.

शेवटी फलकाला भिंतीवरून उतरवलं. त्याच्या अंगातल्या टाचण्या मी एकेक काढल्या. एकशे सहा निघाल्या. कागद सगळे जमिनीवर पडले. टेम्पोत तो खाली आडवा झाला आणि भाचरं त्याच्या अंगावर बसली.

टेम्पो फाटकाबाहेर गेला तशी मी पदर खोचला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझा अर्ज पुन्हा टेबलावर ठेवला.

साहेबांचा अंगठा सवयीने मागे गेला. मागे भिंत होती. नऊ वर्षं झाकलेला चौकोन बाकी भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता.

"नोटीस कुठाय?" ते म्हणाले.

"तुमच्या पायाशी."

त्यांनी ती उचलली, चिकटपट्टीने भिंतीला लावली. आमच्या भिंतींना तळघराची ओल आहे, पट्टी सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा ते हाताने धरून उभे राहिले.

"असं किती दिवस उभे राहाल?" मी विचारलं. "आणि पुस्तकात बघा साहेब. तुम्हीच मला दाखवलं होतं चार वर्षांपूर्वी. सूचना फलकावर लावलेली सूचनाच लागू धरावी."

साहेबांनी हात खाली घेतला. कागद त्यांच्या चपलेवर पडला. ते खुर्चीत बसले, पुस्तक काढून ते कलम वाचलं, कलमाखालची टीपही वाचली.

"फलक कधी परत येणार?"

"पोहत गेलाय."

"लंकाबाई, किती दिवस?"

"आठ."

"आठ लिहिता येणार नाहीत. सहा लिहितो."

"सहा लिहा. आईचे डोळे दोन आहेत, एकाला तीन दिवस."

त्यांनी सही केली. माझ्या रजेवरची गेल्या तीन वर्षांतली ती पहिली.

निघताना टेबलाखालच्या झाकणाकडे लक्ष गेलं. खातं रिकामं, बुचं माहेरी, प्लास्टिकची आपल्या जागी. हे एकटंच पंख्याच्या वाऱ्याने जरा जरा फिरत होतं.

"तुझं गाव कोणतं?" मी विचारलं.

"मला कुठे बसायचं तेच कोणी सांगितलेलं नाही," ते म्हणालं.

मी त्याला रुमालाच्या टोकात बांधून कमरेला खोवलं.

आईचं ऑपरेशन आधी एका डोळ्याचं झालं. पट्टी काढली त्या दिवशी तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काळी पडलीस गं. आणि जाड झालीस."

"तीन वर्षांनी बघतेस, दुसरं काही बोल."

"दिसतंय ते बोलते. इतके दिवस दिसत नव्हतं तेव्हा चांगलं बोलत होते."

मग तिने डोक्याला लावायला तेलाची बाटली पुढे ओढली. त्या बाटलीचं झाकण भाऊ असतानाच हरवलेलं. तोंडात चिंधीचा बोळा, बोळ्यातून तेल झिरपून फळी काळी झालेली. माझ्या कमरेतून झाकण म्हणालं, "बाई, त्याला आटे आहेत."

मी रुमाल सोडला. दीड वळसा, आणि बसलं. आईने बाटली आडवी केली, उलटी केली, हलवली. तेलाचा थेंब आला नाही.

"कोणाचं गं हे?"

"कंपनीतलं आहे. त्याला कोणी नाही."

"आता आहे," आई म्हणाली. तिने झाकणावर हळदीचं बोट टेकवलं, तांदळाचे चार दाणे ठेवले आणि बाटली देवाशेजारी मांडली. मी हजेरीच्या वहीत लिहिलं: हजर, कामावर.

आमची बुचं आषाढात परत आली. समुद्राने आणि आईच्या लाडाने अशी फुगली होती की बाटलीत बसेनात. त्यांना आठ दिवस उन्हात वाळवून मगच कामावर घेतलं. थोरल्या बुचाने मला झाडाचं एक फळ आणून दिलं, टोपी घातलेल्या सुपारीसारखं. फलकाला साहेबांनी स्वतः भिंतीवर चढवलं आणि पहिली टाचणी मारण्याआधी विचारलं, दुखत तर नाही ना. नोटीस पुन्हा लागली. प्लास्टिकच्या ज्या बुचाला मी टोचून बोलले होते, ते आता मथुराच्या घरी शनिवार-रविवार राहायला जातं.

रजेच्या छापील अर्जात आता मुऱ्हाळीचा रकाना आहे. रक्ताचं वा हजेरीचं नातं असलेल्या कोणालाही आणायला जाण्यास कामगाराला, कायम असो की कंत्राटी, हंगामातही रजा द्यावी, असं वरून लिहून आलं.

यंदा आखाजी जवळ आली तशी मी साहेबांकडे अर्ज दिला. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, ते मी त्यात लिहिलं नाही. लिहिलं, झाकण वर्षभर सासरी आहे, त्याला माहेरी आणायला जाणे. साहेबांनी वाचलं, मान न वळवता अंगठा मागे केला, आणि मग तो अंगठा परत आणून सही केली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आठ," मी म्हटलं. "लेकरू लगेच निघत नाही."